पोर्टफोलिओ नाही, तरी लग्नाचे फोटो काढायचेत: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीची लग्नं लागली की सोलापुरातल्या कार्यालयांच्या तारखा भरायला लागतात आणि त्याच सुमारास मला ठरावीक फोन येतात. कुणी आयटीआय करून बसलेला असतो, कुणी मोबाईलच्या दुकानात कामाला असतो, कुणी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असते. कॅमेरा घेतलाय किंवा घ्यायचाय, लग्नाच्या ऑर्डरी करायच्या आहेत, पण दाखवायला काहीच नाही. मी स्वतः दोन सिझन दुसऱ्याच्या हाताखाली लाइट धरून या कामात आले, तेव्हा हेच प्रश्न माझ्याही डोक्यात होते. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

एकही लग्न केलेलं नाही. "आधीचं काम दाखवा" म्हणाले तर काय दाखवू?

समोरचा माणूस नक्की काय विचारतोय ते आधी ऐका. आपल्याकडे मुलीचे वडील येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "कुणाचं लग्न केलंय?" असा असतो. वीस लग्नांतले वीस देखणे फोटो बघण्यात त्यांना फारसा रस नसतो. ओळखीच्या एखाद्या घरातला अल्बम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघायचा असतो, आणि त्या घरी फोन लावून "पोरगं वेळेवर आलं का, अल्बम कधी दिला, पाहुण्यांशी नीट बोललं का" हे विचारायचं असतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: पन्नास सुटे फोटो जमवत बसू नका, एक अख्खं लग्न जमवा. हळदीपासून पाठवणीपर्यंत सलग. अख्ख्या लग्नात काही लपत नाही. बोहल्यावरचा अपुरा उजेड दिसतो, जेवणाची पंगत दिसते, ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांचे चेहरे आलेत की नाही तेही दिसतं. सुटा चांगला फोटो काय, कुणालाही कधीतरी मिळून जातो.

ते लग्न मिळेपर्यंत डोहाळजेवण, बारसं, मुंज, साखरपुडा, वास्तुशांत अशी कामं घ्या. डोहाळजेवण तर हळदीची रंगीत तालीमच आहे: मधे एक बाई बसलेली, भोवती बायकांचा गराडा, एकेक जण येऊन ओटी भरणार, खोली लहान, खिडकी एक. असे पाच-सहा कार्यक्रम केले की साठेक फोटो निवडा आणि छापून घ्या. मोबाईलवर फोटो दाखवला की मुलीची आई दोन बोटांनी सरकवत पुढे जाते, छापील पान मात्र मांडीवर घेऊन बघते.

मैत्रिणीला नवरीसारखं नटवून फोटो काढले तर उजेडाचा सराव होतो, जरूर काढा. दाखवताना मात्र "हे सरावाचे आहेत" असं सांगून दाखवा. आणि दुसऱ्याचे फोटो उतरवून आपले म्हणून कधीही दाखवू नका. सोलापुरात नवरीची मावशी कुठे ना कुठे ओळखीची निघतेच.

नात्यातलं लग्न फुकट करून देऊ का?

करा, पण जादा कॅमेरा म्हणून. मुख्य फोटोग्राफर त्यांनी ठेवलेलाच असला पाहिजे. चुलतबहीण प्रेमाने म्हणेल, "तूच काढ गं सगळे." तरी नाही म्हणा. ते लग्न तिचं एकदाच आहे आणि आपल्या सरावाची किंमत तिने मोजायची, हे मला अजिबात मान्य नाही. याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

मुख्य फोटोग्राफरला आठ दिवस आधी फोन करा. लग्नाच्या सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून समोर उभं राहू नका. त्याच्या चौकटीत यायचं नाही, तो पोझ देत असताना मधेच "दादा, इकडे बघा" म्हणायचं नाही, फ्लॅश शक्यतो बंद ठेवायचा. हे पाळलंत तर संध्याकाळपर्यंत तोच तुम्हाला बोलावून उभं राहायची जागा दाखवेल. माझी पहिली दोन कामं अशाच ओळखीतून आली.

घरच्यांनाही आधी सांगून ठेवा की आज मी पाहुणी नाही. नाहीतर ऐन मंगलाष्टकाच्या वेळी कुणीतरी पंगतीत वाढायला बोलावतं. फुकट कामं दोन पुरेत. तिसऱ्यापासून निदान पेट्रोल आणि कॅमेऱ्याचं भाडं निघेल इतके पैसे घ्या, नाहीतर "फुकट करणारी" हीच ओळख होऊन बसते.

स्टुडिओवाल्याच्या हाताखाली काम मिळेल का? कसं विचारायचं?

मिळतं. मे महिन्यात जाऊन विचारलंत तर मात्र त्यांना बोलायलाही वेळ नसतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चातुर्मासात मुहूर्त नसतात. तेव्हा स्टुडिओत जुन्या अल्बमांची डिझाइनं आणि व्हिडिओचं मिक्सिंग चाललेलं असतं, लोक निवांत असतात. नवी पेठ, सात रस्ता, अशोक चौक, जुळे सोलापूर असे भाग पायी फिरा. "मला फोटोग्राफर म्हणून घ्या" असं म्हणू नका. "लाइट धरायला माणूस लागतो का?" असं विचारा. स्वतःची गाडी आणि लायसन्स असेल तर तेही सांगा. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, पलीकडे इंडी-विजापूरपर्यंत ऑर्डरी असतात, आणि पहाटे बॅगा घेऊन वेळेवर पोचणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो.

लाइट धरणं हलकं काम वाटतं, पण मी जे शिकले ते तिथेच. दिवसभर तुम्ही एकाच गोष्टीकडे बघत असता: चेहऱ्यावर उजेड कुठून पडतोय आणि नाकाची सावली कुठे जातेय. मुंडावळ्यांची सावली डोळ्यांवर येते, ती लाइट थोडा वर-खाली केला की सरकते. फेट्याच्या खाली कपाळ काळं पडतं. ठुशीवर झगमग जास्त झाली की गळा पांढरा फटक दिसतो. उस्ताद कुठल्या विधीच्या आधी कुठे जाऊन उभा राहतो तेही रोज दिसतं. नुसते व्हिडिओ बघून या गोष्टी अंगात येत नाहीत.

पैशांचं बोलणं पहिल्याच दिवशी करा: रोजचे किती, पेट्रोल कुणाचं, जेवण कुठे, रात्री उशीर झाला तर घरी कोण सोडणार. एका ठिकाणी मी अख्खा सिझन काम केलं आणि शेवटी हातात निम्मेच पैसे पडले. काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक कामाच्या आदल्या दिवशी मी एक मेसेज टाकते: "उद्या सकाळी सातला अमुक कार्यालय, ठरलेले इतके रुपये." समोरून नुसतं "हो" आलं तरी पुरतं.

हाताखाली असताना काढलेले फोटो माझे म्हणून दाखवता येतील का?

न विचारता नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये याची तरतूद आहे: कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे बटण तुम्ही दाबलं तरी मालकी आपोआप तुमच्याकडे येत नाही. पगारी नोकरीत असाल तर मालकी नोकरी देणाऱ्याची.

यावरचा उपाय साधा आहे. काम धरतानाच स्टुडिओवाल्याला विचारा, "मी काढलेल्यांपैकी दहा फोटो माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवले तर चालतील का? खाली तुमच्या स्टुडिओचं नाव टाकेन." बरेच जण हो म्हणतात, कधी अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत थांबायला सांगतात. स्वतःच्या ऑर्डरी सुरू झाल्या की कराराच्या कागदावर एक ओळ घाला: निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून दाखवायला कुटुंबाची परवानगी आहे. आणि ज्यांना नको असेल त्यांचे दाखवू नका. इन्स्टाग्रामवर नवरीचा फोटो नवरीच्या आधी आपण टाकायचा नाही.

कॅमेरा कुठला घेऊ?

जो परवडेल तो, जुना चालेल. खरं महत्त्व दोन गोष्टींना आहे: मेमरी कार्डाच्या दोन खाचा, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो, आणि कमी उजेडात बरी साथ देणारी लेन्स. ५० एमएम एफ १.८ ही सगळ्यांत स्वस्त चांगली लेन्स. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिने लहान खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही, तिथे ३५ बरी पडते. एक फ्लॅश, चार जादा बॅटऱ्या. २४-७० आणि ७०-२०० या महाग लेन्सा ऑर्डरीच्या दिवसापुरत्या भाड्याने आणा. कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका. हप्ता दर महिन्याला येतो, मुहूर्त येत नाहीत.

सराव कुठे करू? लग्न मिळेपर्यंत नुसतं बसून राहायचं का?

सोलापूरच्या पोरांनी हा प्रश्न विचारला की मला नवल वाटतं. आपल्या गावात दरवर्षी जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सगळ्या गावासमोर एक लग्न लागतं! सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा हा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या झालेल्या विवाहाचं प्रतीक. संमती कट्ट्याजवळ हजारो माणसं, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, उंच सात नंदीध्वज. संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचली जाते आणि "सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्" म्हणताना चारही बाजूंनी अक्षता उडतात.

फोटोग्राफरच्या नजरेनं बघा. डोक्यावर ऊन, समोर पांढरे कपडे, पांढरे तांदूळ, सावलीतले चेहरे. कॅमेरा आपोआप उजेड मोजायला लागला तर सगळं पांढरं राखाडी होतं, आणि पांढऱ्यावर मोजून फोटो काढला तर चेहरे काळे पडतात. गर्दीत हलता येत नाही, म्हणून जागा तासभर आधी धरावी लागते. क्षण एकदाच येतो, परत करा म्हणता येत नाही. लग्नात जे जे छळतं ते सगळं तिथे एका जागी आहे आणि कुणाचा अल्बम बिघडायची भीती नाही. एका वर्षी अक्षता, दुसऱ्या वर्षी होम मैदानावरच्या गड्ड्यातले, म्हणजे जत्रेतले, रात्रीचे दिवे आणि पाळणे, असं करा. फक्त भक्तांच्या वाटेत उभं राहू नका, नंदीध्वज धरणाऱ्यांच्या समोर तर नाहीच.

घरी सराव करायचा तर आजीला खिडकीशी बसवा आणि दुसऱ्या बाजूला आपला पांढरा सोलापुरी टॉवेल ताणून धरा. चेहऱ्याची काळी बाजू कशी उजळते ते बघा. विकतचा रिफ्लेक्टर यापेक्षा वेगळं काही करत नाही.

सोलापुरात नाना तऱ्हांची लग्नं असतात. सगळे विधी पाठ हवेत का?

पाठ नसले तरी चालतील, पण कुठल्या लग्नात कुठला क्षण परत येत नाही ते माहीत हवं. आपल्या गावात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते आणि लग्नंही तशीच वेगवेगळी लागतात. मराठी लग्नात मुहूर्ताचा क्षण म्हणजे अंतरपाट सरतो तो. तेलुगू पद्मशाली घरात मुहूर्ताला वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं आणि गूळ ठेवतात, जीलकर्र-बेल्लम. मधे पडदा असतो आणि दोघांचे हात डोक्यावर असतात, त्यामुळे समोरून काहीच नीट दिसत नाही. बाजूला थोडं उंचावर उभं राहावं लागतं. नंतर तलंब्रालु, हळदीचे तांदूळ एकमेकांच्या डोक्यावर ओततात. तिथे दोघं हमखास हसतात, खेळतात. सगळ्या लग्नातले सर्वांत मोकळे चेहरे मला तिथे मिळाले आहेत.

लिंगायत लग्नात जंगम स्वामी असतात. कपाळावरची विभूती आणि गळ्यातलं इष्टलिंग घरच्यांना फोटोत नीट दिसायला हवं असतं. निकाहात मोठी अडचण अशी की नवरी एका खोलीत आणि नवरा दुसरीकडे. वकील आणि साक्षीदार तिचा होकार घ्यायला आत जातात, इकडे काझी नवऱ्याला विचारतात, सह्या होतात. एकटा माणूस दोन्हीकडे पुरत नाही, दोन कॅमेरे लागतातच. बायकांच्या बाजूला कुणी जायचं, कुणाचे फोटो काढायचे नाहीत, हे आधी विचारून घ्या. बौद्ध लग्नात त्रिशरण-पंचशील होतं, वधूवर पांढऱ्या कपड्यांत असतात, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा असतात. त्या प्रतिमा आणि जोडपं एका चौकटीत येईल अशी जागा आधीच हेरून ठेवा. तो फोटो घरात पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर राहतो.

एक सवय सगळीकडे चालते. लग्नाच्या आठ दिवस आधी घरातल्या सर्वांत जाणत्या बाईशी अर्धा तास बोला. पुरुषांना कार्यालय आणि जेवण माहीत असतं, विधींचा क्रम बायकांना माहीत असतो. "मावशी, तुमच्यात आधी काय होतं, मग काय?" एवढंच विचारायचं आणि लिहून घ्यायचं. देवक कधी, सुनमुख कधी, कान पिळायला नवरीचा भाऊ आहे की चुलतभाऊ, रुसलेला मामा कोण, सगळं कळतं.

आणि घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक स्वच्छ, एकट्याचा फोटो काढाच. पुढे दोन-तीन वर्षांनी त्यातल्याच एखाद्या घरातून फोन येतो, "लग्नातला आजीचा फोटो आहे का? फ्रेम करायची आहे." तेव्हा गर्दीतून कापलेला धूसर चेहरा द्यायची वेळ येऊ नये.

अंतरपाट सरतानाचा फोटो प्रत्येक वेळी चुकतो. काय करू?

भटजींना आधी विचारा की मंगलाष्टकं किती म्हणणार आहेत आणि पाहुण्यांपैकी कुणी म्हणणार आहे का. मोजत राहा. "तदेव लग्नं" ऐकू आलं की आता शेवट जवळ आला. त्याआधीच्या कडव्यापासून फ्लॅशला विश्रांती द्या. सारखे फोटो काढत राहिलात तर ऐन वेळी फ्लॅश भरलेला नसतो आणि नेमका तोच फोटो काळा येतो.

उभं कुठे राहायचं? अंतरपाटाच्या रेषेत, म्हणजे वधू एका हाताला आणि वर दुसऱ्या हाताला दिसतील असं. पडदा सरला की दोघं एकमेकांकडे बघतात तो क्षण एखाद-दुसऱ्या सेकंदाचा असतो. मग हार येतात आणि अक्षता डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून सगळे डोळे मिटतात. व्हिडिओवाला त्याच जागेवर डोळा ठेवून असतो. त्याच्याशी सकाळीच बोलून घ्या: तो उभा, तुम्ही गुडघ्यावर. पडदा धरणाऱ्या मामांनाही हळूच सांगा, "मामा, पडदा खाली घ्या, माझ्याकडे ओढू नका."

कार्यालयातल्या लाइटमुळे फोटोवर काळे पट्टे येतात, मांडवात चेहरे गुलाबी दिसतात. असं का होतं?

पट्टे एलईडीमुळे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाच्या ५० व्या किंवा १०० व्या भागावर ठेवा, आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. स्टेजमागच्या मोठ्या एलईडी पडद्याचं लुकलुकणं वेगळ्या गतीचं असतं, तिथे दोन-चार चाचण्या घेऊनच ठरवावं लागतं.

गुलाबी चेहरे मांडवाच्या कापडामुळे. चैत्र-वैशाखात दुपारी साडेबाराचं लग्न, वर लाल-गुलाबी कापड आणि त्यातून झिरपणारं सोलापूरचं ऊन म्हणजे सगळ्यांवर रंग ओतल्यासारखं होतं. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप सावरणं, तिथे गोंधळतं. पांढरा कागद नवरीच्या जागी धरून त्यावरून व्हाइट बॅलन्स लावा आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे नंतर सावरता येतं. हळदीला उलट करा: पिवळा रंग तिथे खराच आहे, तो धुऊन काढू नका.

मी मुलगी आहे. घरचे रात्रीच्या ऑर्डरीला सोडत नाहीत.

माझ्याही घरी हेच होतं. वडिलांनी पहिल्या वर्षी फक्त दिवसाची लग्नं करू दिली. मी वाद घातला नाही, दिवसाचीच केली. पुढे एका लग्नात वडिलांना सोबत नेलं, त्यांनी कोपऱ्यात बसून दिवसभर बघितलं आणि नंतर स्वतःच वरातीला सोडायला यायला लागले. प्रत्येक घरात असंच होईल असं नाही, पण काम डोळ्यांनी दिसलं की भीती कमी होते.

मुलगी असण्याचा मोठा फायदाही आहे. नवरीच्या खोलीत तुम्हाला कुणी अडवत नाही. साडी नेसवताना, मेंदी बघताना, आई गुपचूप डोळे पुसताना तुम्ही तिथे असता. नवऱ्या मुलीच कित्येकदा सांगतात की खोलीत बाईच पाहिजे. हे स्टुडिओवाल्यांनाही कळतं, म्हणून कामाला गेलात तर ही गोष्ट स्पष्ट बोलून दाखवा. जायच्या-यायच्या सोयीबद्दल मात्र तडजोड नको. रात्री कार्यालयातून एकटी निघणार नाही, हे बोलणीच्या वेळीच सांगायचं.

दर किती सांगू?

शेजारच्याने किती सांगितला ते ऐकून दर ठरवू नका. आधी खर्च मांडा. उदाहरणापुरते आकडे घेते: लेन्सचं भाडं १,५००, सोबतच्या माणसाचे २,०००, पेट्रोल-चहा ५००, अल्बमची छपाई ६,०००, डिझाइन करणाऱ्याचे २,०००. झाले १२,०००. आता तुमचे दिवस मोजा. लग्नाचा एक, हळदीचा अर्धा, फोटो निवडणं आणि सुधारणं चार, अल्बमच्या दुरुस्त्या एक. साडेसहा दिवस. १५,००० ला काम धरलंत तर दिवसाला पाचशेही पडत नाहीत आणि कॅमेऱ्याची झीज त्यातच. नवं असल्यामुळे कमी घ्यायचं तर ते जाणूनबुजून घ्या, हिशेब न करता नको.

"पोराटोरांचं काम, निम्म्यात कर" म्हणणारे भेटतील. दर उतरवण्याऐवजी काम कमी करा: अल्बम लहान, हळद वगळून, किंवा अल्बम न छापता फक्त डेटा, म्हणजे फोटोंच्या फाइली. म्हणजे पुढच्या वेळी दराची लाज वाटत नाही.

इसार आणि लिखापढी?

पाव ते अर्धी रक्कम तारीख धरताना घ्या. एका कागदावर तारीख, ठिकाण, किती वेळ, अल्बमची पानं, कधी देणार, लग्न पुढे ढकललं तर इसाराचं काय, एवढं लिहा. दोघांच्या सह्या. मराठीत लिहा, घरातल्या सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. अल्बमची तारीख आपल्याला झेपेल त्याहून पंधरा दिवस पुढची द्या आणि आधी द्या.

फोटो उडाले तर?

या प्रश्नाने मी अजूनही रात्री उठते. हाताखाली असताना एका साखरपुड्याचं कार्ड माझ्याकडे होतं. घरी येऊन संगणकाला लावलं तर रिकामं. तेव्हा दुसरं कार्ड नव्हतं. मुलीच्या आईसमोर जाऊन मी आणि आमचे उस्ताद उभे राहिलो. ती माउली ओरडली नाही, नुसती "आता परत कसं होणार?" म्हणाली. पैसे परत दिले. पण त्यांच्याकडे त्या दिवसाचे आहेत ते फक्त पाहुण्यांच्या मोबाईलमधले फोटो.

म्हणून दोन खाचांचा कॅमेरा. म्हणून कार्यालयातून निघायच्या आधी लॅपटॉपवर एक प्रत. घरी गेल्यावर झोपायच्या आधी दुसऱ्या हार्ड डिस्कवर एक, आणि एक प्रत घराबाहेर, मैत्रिणीकडे किंवा क्लाउडवर. अल्बम हातात पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. नवी कार्डं लागतील, लागू देत.

प्रीवेडिंग आणि ड्रोन करू का?

सुरुवातीला दोन्ही नकोत. करायचंच असेल तर जागेची परवानगी आधी. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, नान्नजचं माळढोक अभयारण्य वनखात्याकडे. तिथे माळरान सुंदर दिसतं म्हणून गाडी घालून जोडप्याला पळवणं साफ चूक आहे, तिथल्या पक्ष्यांवर दया करा. कंबर तलावाची पहाट घरापासून जवळ आणि पुरेशी देखणी आहे.

ड्रोनचे नियम २०२१ चे आहेत. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय होटगी रोडचं विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर कार्यालयाची जागा तपासल्याशिवाय ड्रोन वर न्यायचा नाही. ज्याच्याकडे कागद आहेत त्यालाच बोलवा.

नोंदणी, जीएसटी वगैरे?

सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, सुरुवातीला तो प्रश्न येत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि मोफत आहे, करून ठेवा, बँकेत उपयोगी पडते. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

पहिली स्वतःची ऑर्डर उद्या आहे. आज काय करू?

आज लग्नाच्याच वेळेला कार्यालयात जाऊन या. ऊन कुठून येतं, बोहला कुठे, नवरीची खोली कुठल्या जिन्याने, प्लग कुठे, सगळं बघा. घरी येऊन दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं मिनिटाला मिनिट जुळवा, नाहीतर अल्बम लावताना सप्तपदी अंतरपाटाच्या आधी येते. बॅटऱ्या चार्ज करून भरलेल्या एका खिशात, संपलेल्या दुसऱ्या खिशात टाकायची सवय आजपासून. मावशींनी सांगितलेला विधींचा क्रम कागदावर लिहून बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवा. ग्रुप फोटोंसाठी दोन्ही बाजूंचा एकेक हाका मारणारा माणूस ठरवून त्याचा नंबर घेऊन ठेवा. आवाज न करणारे बूट तयार ठेवा, आणि पायमोजे न फाटलेले घाला, बोहल्यावर बूट काढावे लागतात.

बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात दोन कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी ठेवा. पंगत बसते तेव्हाच ग्रुप फोटो सुरू होतात, आणि तुमच्या जेवणाला चार वाजतात.